गोळी बंद करण्याआधी

माझ्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीएवनसीचा आकडा ५.८ आला तेव्हा घरात पेढे आणायचे तेवढे बाकी होते. निदान झालं त्या वेळी तो ९च्या वर होता. जाऊबाईंनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "मग आता गोळ्या बंद ना?" शाळेतल्या जुन्या सहकारी, शेजारच्या काकू, सगळ्यांचं म्हणणं तेच. रिपोर्ट नॉर्मल आहे तर कशाला ती केमिकल्स पोटात ढकलायची? आपल्याकडे हे इतक्या मायेनं सांगितलं जातं की नाही म्हणणं जड जातं.

पण ५.८ या आकड्यात रोजच्या चालण्याचा वाटा होता, उतरलेल्या वजनाचा होता, ताटातल्या बदलाचा होता आणि गोळीचाही होता. कुणाचा किती, हे तो कागद सांगत नाही. ते कळायला गोळी कमी करून पाहावी लागते आणि पाहताना मोजत राहावं लागतं. हे सोडून लोक दोन टोकं धरतात. काहींना वाटतं, एकदा गोळी लागली की ती मरेपर्यंत. काहींना वाटतं, रिपोर्ट चांगला आला की दिली सोडून. मी गोळी कमी केली, बंद केली आणि पुन्हा सुरूही केली. या प्रवासात जे कळलं ते इतरांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

माझ्यावर पहिलं संकट आलं ते उलट्या बाजूनं. नवरात्र होतं, उपवास धरला होता. त्याआधीच्या काही महिन्यांत भाताचं प्रमाण कमी झालं होतं, संध्याकाळचं चालणं अंगवळणी पडलं होतं आणि वजन चांगलं उतरलं होतं. गोळी मात्र जुन्या वजनाचीच चालू होती. घटावरची झेंडूची माळ ओवायला बसले आणि सुईत दोरा जाईना. आधी वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. मग बोटं थरथरताना दिसली, मानेवर गार घाम आला, आणि सूनबाई काय बोलते आहे ते ऐकू येत असून कळेना. तिनं ताबडतोब ग्लुकोमीटर काढला. ५४. सत्तरच्या खाली गेली की साखर कमी झाली असं धरतात. तिनं तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, मग केळं खायला दिलं. उपवास तिथंच सुटला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोळीची पट्टी उलटी करून मागची बारीक अक्षरं मला वाचायला लावली. मी ज्याला ‘माझी एक गोळी’ म्हणत होते, तिच्यात दोन औषधं होती, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. आपल्याकडे अशा जोडगोळ्या सर्रास दिल्या जातात, म्हणून आपण काय घेतो हे प्रत्येकानं पट्टीच्या मागे वाचावंच. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड ही औषधं स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात. तुम्ही जेवलात की उपाशी आहात, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. मेटफॉर्मिनचं काम वेगळं. यकृत रक्तात जी जादा साखर सोडतं ती ते कमी करतं, आणि एकटं असलं तर साखर धोक्याइतकी सहसा पाडत नाही. वजन उतरत असताना, जेवण कमी होत असताना पहिली कमी व्हायला हवी ती ग्लिमेपिराइडसारखी गोळी. माझी त्याच दिवशी बंद झाली.

हे मुद्दाम सविस्तर सांगते, कारण महाराष्ट्रात दोन वेळा जेवण्याची पद्धत घरोघर पोचली आहे. डॉ. श्रीकांत जिचकारांनी ती भाषणांतून मांडली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तिचा प्रसार केला. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांचं वजन तिनं उतरलं. पण मधुमेहाची औषधं चालू असताना जेवणाच्या वेळा बदलायच्या तर औषधांची फेरमांडणी आधी व्हायला हवी. इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये, आणि स्वतःच्या मनानं इन्शुलिन कधीही थांबवू नये. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी औषधं चालू असतील तर कडक उपवासात रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. विशेष म्हणजे त्या वेळी ग्लुकोमीटरवरचा आकडा फार मोठा नसतोही. मळमळ, उलट्या, धाप असं काही वाटलं तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

या औषधांबद्दल आणखी एक. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० साली संपलं, तेव्हापासून आपल्याकडे ते स्वस्त झालं आणि पुष्कळांच्या चिठ्ठीत आलं. ज्यांचं हृदय कमजोर आहे किंवा लघवीतून प्रथिनं जातात, त्यांना ते साखरेपलीकडच्या कारणानं दिलेलं असतं, हृदय आणि मूत्रपिंड जपण्यासाठी. अशा माणसानं ‘साखर तर आता नॉर्मल आहे’ म्हणून ते सोडणं घातक आहे. गोळी कशासाठी दिली आहे हे माहीत नसताना ती सोडायचा निर्णय घेताच येत नाही.

माझ्या चुलत दिरांच्या बाबतीत नेमकं हेच झालं. त्यांना पंधरा वर्षांचा मधुमेह. एका वर्षी आकडा ६.१ आला, आणि औषधांचा अख्खा डबाच त्यांनी माळ्यावर टाकला. त्यात साखरेच्या गोळ्या होत्या, रक्तदाबाची होती, कोलेस्टेरॉलची होती. त्रास काही होत नव्हता, म्हणून तपासणीही बंद. साखर दोनशेच्या आसपास रेंगाळत राहिली तर बहुतेकांना काहीच जाणवत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. चपलेतून वर आलेला खिळा टोचत राहिला, तोही त्यांना कळला नाही, कारण तळपायाची संवेदना गेली होती. वहिनींना पायमोज्यावर डाग दिसला तेव्हा जखम हाडापर्यंत गेली होती. अंगठा काढावा लागला. शेतावर पायी जाणारा तो माणूस आता ओटीवर बसून असतो, आणि त्यांना भेटून आले की माझी रात्रीची झोप उडते.

म्हणून गोळी बंद करूच नये असं मी म्हणत नाही. बंद होऊ शकते, आणि कुणाची होऊ शकते हेही आता बरंच कळलं आहे. स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या टाइनसाइड भागात प्रा. रॉय टेलर आणि प्रा. माइक लीन यांनी ‘डायरेक्ट’ नावाचा अभ्यास केला, त्याचे पहिले निष्कर्ष २०१७ साली आले. निदान होऊन सहा वर्षांच्या आतले, वजन जास्त असलेले आणि इन्शुलिन न घेणारे रुग्ण त्यात होते. गोळ्या बंद करून त्यांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरींच्या आहारावर ठेवलं, अर्थात वैद्यकीय देखरेखीखाली. वर्षअखेर ४६ टक्के लोकांची साखर औषधाविना मधुमेहाच्या पातळीखाली होती. ज्यांचं वजन १५ किलो किंवा त्याहून जास्त उतरलं, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. मात्र दोन वर्षांनी ४६चे ३६ झाले, आणि पाच वर्षांनी, पाठपुरावा चालू राहिलेल्या गटातसुद्धा, १३ टक्केच उरले. वजन परत आलं की साखर परत येते. ही दुसरी बाजू आपल्याकडच्या व्याख्यानांत क्वचितच ऐकायला मिळते.

आपल्या लोकांची आणखी एक अडचण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं की भारतीय माणूस अंगानं सडपातळ दिसला तरी त्याच्या शरीरात चरबीचं प्रमाण जास्त असू शकतं. ती पोटात, यकृताभोवती बसते. म्हणून ‘मी तर बारीक आहे, मला काय होणार’ यात अर्थ नाही. बारीक माणसाकडे उतरवायला वजनही थोडंच असतं. शिवाय रोग जितका जुना, तितकी इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींची ताकद ओसरलेली. निदान होतं तेव्हाच ती निम्म्यावर आलेली असते, असा ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या प्रदीर्घ अभ्यासाचा अंदाज आहे. पंधरा वर्षांच्या मधुमेह्यानं दोन वर्षांच्या मधुमेह्याशी स्पर्धा करू नये.

मला निदान होऊन फार काळ लोटला नव्हता, वजन उतरलं होतं, डोळे आणि मूत्रपिंड ठीक होते. म्हणून मेटफॉर्मिन थांबवून पाहायला डॉक्टर तयार झाले. पण त्याआधी त्यांनी केसपेपरवर तीन ओळी लिहिल्या. आठवड्यातून दोनदा घरी उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर पाहायची. तीन महिन्यांनी एचबीएवनसी करायची. आणि ती ६.५ झाली की चर्चा न करता गोळी पुन्हा सुरू. औषधाविना तीन महिने तरी आकडा ६.५च्या खाली राहिला तर मधुमेह माघारला असं म्हणावं, अशी व्याख्या २०२१ साली अमेरिकी आणि युरोपीय मधुमेह संघटनांनी मिळून ठरवली. बरा झाला असं त्यांनीही म्हटलेलं नाही. माघारल्यावरही निदान वर्षातून एकदा एचबीएवनसी आणि डोळे, मूत्रपिंड, पाय यांची तपासणी चालूच ठेवायची असते.

पहिल्या तीन महिन्यांनी ६.० आलं, पुढच्या वेळी ६.३. मग गुडघा दुखू लागला, चालणं थांबलं, गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यावं लागलं. स्टेरॉइडनं साखर काही दिवस वाढते, पण माझी उपाशीपोटीची नंतरही १३०च्या खाली येईना. पुढची एचबीएवनसी ६.८. डॉक्टरांनी कागद पाहिला, "ठरलं होतं तसं," एवढंच म्हणाले आणि मेटफॉर्मिन लिहून दिलं. मर्यादा आधीच लिहून ठेवलेली असल्यामुळे ‘अजून एक महिना पाहू’ ही घासाघीस झालीच नाही. गोळीविना गेलेला काळ वाया गेला असंही मी मानत नाही. यूकेपीडीएसमध्ये सुरुवातीच्या वर्षांत ज्यांची साखर नीट ताब्यात होती, त्यांना त्याचा फायदा पुढं दहा वर्षांनीही मिळत होता.

मेटफॉर्मिनवरचे आक्षेप रोज ऐकते, म्हणून त्याबद्दल चार शब्द. ‘गोळ्यांनी किडनी जाते’ हे मेटफॉर्मिनला लागू नाही. मूत्रपिंड खराब करते ती ताब्यात नसलेली साखर आणि वाढलेला रक्तदाब. मूत्रपिंडाचं काम आधीच मंदावलं असेल तर डोस कमी करतात, फारच मंदावलं तर गोळी थांबवतात, म्हणून क्रिएटिनिनची तपासणी चुकवू नये. पोट बिघडत असेल तर हळूहळू विरघळणारी गोळी मागावी आणि जेवणाबरोबर घ्यावी. वर्षानुवर्षं घेतल्यास बी-१२ कमी होऊ शकतं आणि पायाला मुंग्या येतात. ते तपासून भरून काढता येतं, त्यासाठी गोळी सोडायची गरज नाही. खर्चाची अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात मेटफॉर्मिन अगदी स्वस्तात मिळतं. कारल्याचा रस, मेथ्या, जांभळाच्या बियांची पूड यांच्या भरवशावर मात्र चिठ्ठीतलं औषध सोडू नका.

आणि एचबीएवनसीच्या आकड्यावरही डोळे मिटून विसंबू नका. शरीरात लोह कमी असेल तर तो खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. नुकताच मोठा रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त चढवलं असेल तर कमी दिसू शकतो. विदर्भात ज्या घरांतून सिकलसेल आहे, तिथं तर या एका आकड्यावर गोळी बंद करण्याचा निर्णय कधीच घेऊ नये, ग्लुकोमीटरचे आकडे सोबत लावून पाहावेत.

आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत, आणि २६.४ टक्के प्रमाणासह गोवा सगळ्यांत वर आहे. म्हणजे हे वाचणाऱ्या पुष्कळांच्या घरात औषधांचा एक डबा असेल. तो आज उघडा. प्रत्येक पट्टीच्या मागचं नाव वहीत उतरवा आणि समोर ती कशासाठी आहे ते लिहा. जिथं लिहिता येणार नाही, तिथं प्रश्नचिन्ह काढा. ती वही, गेल्या महिन्यातले ग्लुकोमीटरचे आकडे आणि जुने रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. ‘गोळी बंद करू का’ एवढंच विचारून उठू नका. कोणती आधी कमी करायची, पुन्हा कधी तपासायचं आणि कोणत्या आकड्याला परत सुरू करायची, ही तिन्ही उत्तरं कागदावर लिहून घ्या, आणि ती मिळेपर्यंत चालू असलेली गोळी चुकवू नका.