पहिल्या गुणपत्रकाचा अर्थ

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा पुन्हा उघडते, तेव्हा पारोळ्याच्या आसपास शेतांतून कापसाची वेचणी चाललेली असते, आणि शाळेत प्रथम सत्राच्या उत्तरपत्रिका मुलांच्या हाती परत दिल्या जातात. या दोन गोष्टी एकाच सुमारास घडतात, हे आम्ही पुष्कळ वर्षे पाहत आलो. परंतु त्यांचा एकमेकींशी किती निकट संबंध आहे, हे ध्यानात यावयास आम्हांस बराच काळ लागला. ज्या मुलाला गुण चांगले मिळतात, त्याला घरची माणसे चार दिवसांत शाळेत धाडतात. ज्याला वाईट मिळतात, त्याचे वेचणीचे दिवस लांबत जातात. नववीच्या वर्गातील एखाददुसरे बाक दिवाळीनंतर रिकामे दिसते, त्याचे मूळ पुष्कळदा त्या एका कागदात असते. यास्तव त्या कागदाचा अर्थ काय, आणि काय नव्हे, याचा विचार विद्यार्थी व पालक या उभयतांनी आमच्याबरोबर करावा, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहोत.

नववी हे माध्यमिक शिक्षणाचे पहिले वर्ष. या वर्षी मूल बदलण्यापूर्वी त्याला मोजण्याचे माप बदलते, ही गोष्ट प्रथम समजून घेतली पाहिजे. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अंमलात आला, आणि त्याच वर्षी आपल्या राज्याने पहिली ते आठवी या वर्गांकरिता सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आणिली. त्या पद्धतीप्रमाणे सातवी-आठवीत शंभरांपैकी ४० गुण आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, गृहपाठ व लहान चाचण्या यांचे. आणि उरलेले ६० गुण सत्राअखेरच्या संकलित मूल्यमापनाचे. या साऱ्यांची बेरीज होऊन मुलाला श्रेणी मिळते. ९१ पासून पुढे अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, याप्रमाणे. पुढे २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि २०२३-२४ या वर्षापासून आपल्या राज्यात पाचवी व आठवीच्या अखेरीस वार्षिक परीक्षा सुरू झाली. तथापि नववीत येईपर्यंत मुलाच्या मनावर जो संस्कार झालेला असतो, तो श्रेणीचाच.

आता एक साधे उदाहरण मांडून पाहू. एका मुलास आठवीत आकारिक कामात ४० पैकी ३६ गुण पडले. तो वर्गात उत्साही होता, वही नीट ठेवीत होता, प्रकल्प वेळेवर आणीत होता. संकलित परीक्षेत त्याला ६० पैकी ३६ पडले. बेरीज ७२, श्रेणी ब-१. घरी आनंद झाला, आणि तो योग्यच होता. परंतु केवळ संकलित परीक्षेपुरते पाहिले तर तो शेकडा ६० वरच उभा होता, हे त्या श्रेणीत दिसत नव्हते. नववीत लेखी उत्तराचे वजन वाढते, पुस्तक जाड होते, प्रश्न कठीण होतात, ३५ ची रेघ समोर येते आणि आकडा उघडा होतो. तोच मुलगा ४३ वर येतो. पालक म्हणतात, मुलगा बिघडला. वास्तविक त्याची बुद्धी घटली नाही. भांड्यावरचे झाकण निघाले, इतकेच.

आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याचे वडील असेच उत्तरपत्रिका हातात घेऊन आले होते. डोकीवरची टोपी काढून ते म्हणाले, “सर, आठवीलोंग हुशार व्हता ना पोऱ्या. आते काय व्हयनं त्याले?” प्रश्न विचारण्यात राग नव्हता, भय होते. विज्ञानाच्या ४० गुणांच्या पत्रिकेत मुलाला १३ गुण होते. आम्ही त्यांना बसविले, मुलालाही बसविले, आणि तिघांनी मिळून ती उत्तरपत्रिका पहिल्या पानापासून वाचली. आजवर आम्ही उत्तरपत्रिका तपासली होती पुष्कळ. वाचली मात्र त्या दिवशी.

गेलेल्या २७ गुणांचा हिशेब असा निघाला. शेवटचे ८ गुणांचे प्रश्न वेळ संपल्यामुळे सुटले होते. ७ गुण प्रश्न नीट न वाचल्यामुळे गेले. ‘फरक स्पष्ट करा’ असे विचारले असता त्याने दोहोंच्या नुसत्या व्याख्या लिहिल्या होत्या. आणखी ७ गुणांच्या प्रश्नांची उत्तरे त्याला येत होती, परंतु लिहिता आली नव्हती. खरोखर येतच नव्हते असे केवळ ५ गुणांचे निघाले. एस.टी. एकाएकी थांबली असता आतील प्रवासी पुढे का झुकतो, याचे कारण लिहावयाचे होते. त्याने गतीचा पहिला नियम पाठ म्हटल्याप्रमाणे लिहून ठेविला होता, प्रवाशाचे नावही काढिले नव्हते. आम्ही त्याला म्हटले, “धुळ्याच्या गाडीत तू उभा असतोस तेव्हा काय होते, ते तुझ्या बोलीत सांग.” तेव्हा त्याने अहिराणीत सांगितले, की गाडी थांबते, पाय गाडीबरोबर थांबतात, पण वरचे अंग अजून चाललेलेच असते. जडत्वाचे याहून चांगले विवरण आम्हांस स्वतःलाही करता आले नसते. ज्ञान होते, त्याला पुस्तकी भाषेचा अंगरखा अजून शिवला गेला नव्हता.

घरी अहिराणी, पुस्तकात प्रमाण मराठी, आणि सेमी इंग्रजीचा वर्ग असल्यास गणित व विज्ञान इंग्रजीत, अशी तीन पायऱ्यांची चढण आपल्या खानदेशातील मूल चढत असते. ही अडचण नवी नाही. महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत राजकोटच्या हायस्कुलातील दिवस सांगितले आहेत. लग्नापायी त्यांचे एक वर्ष बुडाले होते. ते भरून निघावे म्हणून त्यांना तिसऱ्या इयत्तेत सहाच महिने ठेवून चौथीत चढविले. चौथीपासून बहुतेक विषय इंग्रजीतून शिकविले जात. भूमिती हा विषय नवा, आणि तोही इंग्रजीत. त्यांना काहीच उमगेना. पुन्हा तिसरीत जावे असे त्यांच्या मनात वारंवार येई. परंतु ज्या शिक्षकांनी विश्वासाने वर चढविले त्यांना कमीपणा येईल, या विचाराने ते थांबले. यूक्लिडच्या तेराव्या सिद्धांतापर्यंत कष्टाने पोहोचल्यावर हा विषय किती सोपा आहे, याचा त्यांना एकाएकी उलगडा झाला. पुढे १८८७ साली ते मॅट्रिक झाले, तेही शेकडा सुमारे ४० गुण मिळवून.

थोर पुरुषांनाही कमी गुण पडले होते, म्हणून आपण निश्चिंत राहावे, असे आमचे म्हणणे नाही. असले समाधान आळशी मनाला फार आवडते. कमी गुण पडलेले सर्वच काही थोर होत नाहीत. या हकिकतीत घेण्यासारखे आहे ते वेगळेच. बारा सिद्धांत समजत नसतानाही तो विद्यार्थी तेराव्यापर्यंत गेला. मध्येच परतला असता, तर भूमिती आपल्याला येत नाही, हेच मत त्याने जन्मभर बाळगले असते.

आता अभ्यास कसा करावा, याविषयी. पुष्कळ मुले आम्हांस सांगतात, “धडा चार वेळा वाचला होता, तरी परीक्षेत आठवला नाही.” ती खोटे बोलत नाहीत. अमेरिकेतील सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर व कार्पिकी या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचावयास दिला. नंतर काहींनी तोच पुन्हा वाचला. काहींनी तो बाजूला ठेवून जेवढे आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. परंतु आठवड्यानंतर पाहता पुन्हा वाचणाऱ्यांना शेकडा ४२ एवढेच आठवले, आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६. वाचताना सारे ओळखीचे वाटते. ओळखीचे वाटणे आणि स्वतःला सांगता येणे यांत अंतर आहे, आणि परीक्षा दुसऱ्याचीच असते. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, धडा दोनदा वाचा, पुस्तक मिटा, आणि कोऱ्या कागदावर आपल्या शब्दांत लिहून काढा. नंतर पुस्तक उघडून पाहा. जे सुटले, तेवढाच उद्याचा अभ्यास. ज्यांना प्रमाण मराठीत शब्द सुचत नाहीत, त्यांनी प्रथम आईला किंवा आजीला आपल्या बोलीत समजावून सांगावे, मग लिहावे. याला शिकवणीचे शुल्क पडत नाही.

येथे आम्हांस आमची एक चूक कबूल केली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत आम्ही दुसऱ्या एका गावी होतो. तेथे उत्तरपत्रिका वाटताना गुण मोठ्याने वाचून दाखविण्याची, आणि तेही खालून वर, आम्हांस सवय होती. मुले लाजतील व अभ्यास करतील, असा आमचा समज. एका वर्षी पहिले नाव एका मुलीचे आले. वर्ग हसला, आम्ही त्याला अडविले नाही. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने आम्ही तिच्या घरी गेलो, तेव्हा ती आईबरोबर वावरात कापूस वेचावयास गेली होती. वडील सौम्यपणे म्हणाले, “आते तिनं शिकीसन काय फायदा, गुरुजी?” त्यांना द्यावयास आमच्याजवळ उत्तर नव्हते, कारण तिला काही येत नाही असा निकाल भर वर्गात आम्हीच दिला होता. ती पुन्हा शाळेत आली नाही. त्या दिवसापासून आम्ही कोणाचेही गुण वाचून दाखविले नाहीत. परंतु त्या मुलीच्या उपयोगी ते पडले नाही.

शेजारच्या अमळनेरास साने गुरुजी १९२४ ते १९३० पर्यंत प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, व तेथील छात्रालयही त्यांच्याकडे होते. मुलांनी खोली झाडली नाही, तर तिची झाडलोट ते स्वतः करीत, आणि मुलांकरिता हाताने दैनिक लिहून काढीत. रागावण्याऐवजी मुलाच्या शेजारी बसावे, ही रीत आपल्या जिल्ह्याला नवखी नाही. पालकांनी तेवढेच करावे. त्यासाठी स्वतः फार शिकलेले असण्याची गरज नाही. “किती पडले?” या प्रश्नाबरोबर “कोठे गेले?” हाही प्रश्न विचारावा, मुलाला उत्तरपत्रिका वाचून दाखवावयास सांगावी, आणि शेजारच्या मुलाच्या गुणांचे नाव काढू नये. वेचणीचे दिवस आम्ही जाणतो. मजुरी महाग आहे, आणि घरचे हात लागतातच. परंतु सुटीचा दिवस वावराला व शाळेचा दिवस शाळेला, एवढी वाटणी द्वितीय सत्र संपेपर्यंत पाळावी. अर्धे वर्ष अजून उरलेले असते, आणि त्या उरलेल्या अर्ध्यात शाळेत नसलेल्या मुलाला मदत करण्याचा मार्ग शिक्षकाजवळ नसतो.

वर सांगितलेल्या विद्यार्थ्याला द्वितीय सत्रात त्याच विषयात ४० पैकी २१ गुण पडले. २१ हा आकडा मिरवण्यासारखा नव्हे, आणि त्याने तो मिरविलाही नाही. उत्तरपत्रिका हातात पडताच तो मागच्या बाकावर जाऊन बसला, आणि पेन्सिलीने गेलेल्या १९ गुणांचा हिशेब मांडू लागला. या वेळी वेळ संपल्यामुळे एकही प्रश्न सुटला नव्हता.

ज्या पालकांस अशी उत्तरपत्रिका आमच्याबरोबर बसून वाचावयाची असेल, त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर अवश्य यावे. येताना गुणपत्रक नाही आणले तरी चालेल. मुलाला मात्र बरोबर आणावे.