मैलांचा आकडा आणि गाडीचे दप्तर

पुणे

चिरंजीव बाळ यास,

तुझे पत्र आणि सोबतची दोन्ही गाड्यांची छायाचित्रे पावली. नोकरीस लागून दोन वर्षे पुरी होण्याच्या आत, कर्ज न काढता, स्वतःच्या शिलकीतून एखादी जुनी स्पोर्ट्‌स कार घ्यावी आणि ती पुढली दहा-पंधरा वर्षे सांभाळावी, हा तुझा मनोदय वाचून ताईला काळजी वाटली असली तरी मला मनापासून आनंद झाला. कारण मिशिगनमध्ये काढलेल्या माझ्या एकतीस वर्षांपैकी पंधरा वर्षे मी जी गाडी चालविली, ती तू पसंत केलेल्या याच कुळातली, माझदाची एमएक्स-५ होती. तुझा प्रश्न मोजका आहे: क्लीव्हलंडमधली १९९९ सालची, अवघे ४१,००० मैल चाललेली गाडी घ्यावी, की जॉर्जियातली २००३ सालची, १,३२,००० मैल चाललेली घ्यावी? किंमत दोहोंची जवळजवळ सारखी. तुझा कल पहिलीकडे आहे हे पत्राच्या ओळीओळीतून दिसते. माझे मत त्याच्या उलट पडते, आणि ते तसे का पडते हे मी जरा विस्ताराने लिहिणार आहे.

प्रथम त्या आकड्याचीच चौकशी करू. गाडीच्या अंतरमापकात फेरफार करणे हा अमेरिकेत १९७२ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा ठरला, आणि विक्रीच्या वेळी मैलांची संख्या लेखी नमूद करण्याचे बंधनही त्यातूनच आले; परंतु २०१० पर्यंतच्या बनावटीच्या गाड्यांना, दहा वर्षे उलटून गेल्यामुळे, या लेखी निवेदनातून आता सूट आहे. म्हणजे तू पाहत असलेल्या दोन्ही गाड्यांच्या बाबतीत मैलांचा आकडा खरा असल्याची कोणतीही सरकारी हमी मालकीच्या कागदावर तुला मिळणार नाही. क्लीव्हलंडचा विक्रेता खोटे बोलतो आहे असे मी म्हणत नाही. त्याच्यापाशी दुरुस्तीची एकही पावती नाही, असे तूच लिहिले आहेस. तेव्हा ४१,००० हा आकडा त्याच्या शब्दावाचून दुसऱ्या कशावरही उभा नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता तो आकडा खरा आहे असे धरून चालू. हीच चूक मी तुझ्यापेक्षा थोड्या मोठ्या वयात केली होती, म्हणून ती कैफियत सांगतो. दोन आसनांची, उघड्या टपाची एक युरोपीय गाडी मला १९,००० मैलांवर मिळाली. पंधरा वर्षांच्या वयापैकी अकरा हिवाळे तिने एका बंद गॅरेजात चादरीखाली काढले होते, आणि रंग असा की पाहणाऱ्याने थबकावे. पहिल्या उन्हाळ्यात इंधनाच्या रबरी नळ्यांना भेगा पडल्या. त्या बदलल्या तोच पेट्रोलच्या टाकीतला गंज सुटून पंपात अडकला. पुढे ब्रेकची एक बाजू इतकी धरून बसली की चाक हाताने फिरेना. आणि शेवटी इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल झिरपू लागले, ज्यासाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागला. दोन वर्षांत खरेदीच्या किमतीहून अधिक रक्कम दुरुस्तीवर गेली आणि अखेर ती गाडी मी पडत्या भावाने विकून टाकली.

याचे कारण गाडीच्या घडणीतच आहे. चालत्या यंत्रात तेल सर्वत्र फिरते, सील ओले राहतात, आणि इंजिन पुरते तापल्यामुळे तेलात उतरलेले पाणी व कच्चे पेट्रोल वाफ होऊन निघून जाते. उभ्या गाडीत, किंवा आठवड्यातून एकदा कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीत, यातले काहीच घडत नाही. ब्रेकचे द्रव हवेतली आर्द्रता शोषते आणि ती आर्द्रता पिस्टनला गंजविते. तिकडच्या पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉलही पाणी धरून ठेवते. कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये मैलांची वाट न पाहता वर्षांच्या हिशेबानेच संपतात. रबराचे तर वयच मोजावे. टायरच्या कडेवर डीओटी या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या मजकुराच्या शेवटी चार आकडे असतात. त्यांतले पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. क्लीव्हलंडच्या गाडीच्या छायाचित्रात ते आकडे मला भिंग लावून वाचता आले: टायर २००८ चे आहेत. नक्षी नव्यासारखी दिसते, आणि तरीही त्या टायरांवर तू हमरस्त्यावर जाऊ नयेस.

गाडी किती चालू शकते याची सीमा पाहायची असेल तर लाँग आयलंडवरील अर्व्ह गॉर्डन या विज्ञानशिक्षकाचे उदाहरण मी नेहमी देतो. त्यांनी १९६६ साली व्होल्व्होची पी१८०० ही छोटी स्पोर्ट्‌स कार नवी घेतली, रोज शाळेला जाण्या-येण्यासाठी तीच वापरली, आणि २०१३ साली अलास्कात तिचे ३० लाख मैल पुरे केले. २०१८ साली ते वारले, तेव्हाही एका मालकाने चालविलेल्या गाडीचा जागतिक विक्रम त्यांच्याच नावावर होता. त्या गाडीचे इंजिन पहिल्यांदा उघडून नव्याने बांधले गेले ते ६,८०,००० मैलांनंतर. त्यांच्यापाशी गुप्त विद्या कोणतीही नव्हती. कारखान्याने पुस्तिकेत जी मुदत घालून दिली त्या मुदतीला तेल बदलायचे, जे काम निघेल ते त्या वेळीच करायचे, आणि गाडी रोज चालवायची, हा त्यांचा परिपाठ पन्नास वर्षे मोडला नाही. त्यांच्याही गावात हिवाळ्यात बर्फ पडते.

म्हणूनच, बाळ, मी मैलांच्या आधी दप्तर पाहतो. जॉर्जियातल्या गृहस्थांनी तुला जी चौतीस पानांची फाइल पाठविली, ती मी दोन रात्री बसून वाचली, जशी आजोबा पेढीची रोजकीर्द आणि खतावणी ताडून पाहत तशी. ६१,००० मैलांवर टायमिंग बेल्ट आणि त्याबरोबरच पाण्याचा पंप बदललेला आहे. पुन्हा १,१९,००० वर तेच काम आहे. या गाडीला हा पट्टा ६०,००० मैलांनी बदलायचा असतो, आणि तो काढण्यासाठी इंजिनाचा पुढचा भाग मोकळा करावाच लागत असल्यामुळे, जाणता मेकॅनिक पंपही त्याच मजुरीत बदलून टाकतो. ८८,००० वर रेडिएटर नवा. ९७,००० वर क्लच, आणि क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, जो या कुळात हमखास गळतो. इंजिनाच्या मागच्या बाजूस कॅम सेन्सरच्या रबरी कड्यातून तेल पाझरते, ही या इंजिनाची जुनी खोड. तीही २०१६ च्या पावतीवर दुरुस्त झालेली दिसते. ज्या कामांसाठी क्लीव्हलंडच्या गाडीवर तुला उद्या पैसे मोजावे लागतील, ती इथे दुसऱ्याच्या खिशातून होऊन गेली आहेत. शिवाय प्रत्येक पावतीवर मैल आणि तारीख असल्यामुळे अंतरमापकाचा आकडा खरा असल्याचे दाखले आपोआपच मिळाले आहेत.

आता गंजाविषयी. या एका गोष्टीवर माझा जीव खरोखर तुटतो, म्हणून जरा सविस्तर ऐक. तू राहतोस त्या क्लीव्हलंड शहराच्या काठाशी, ईरी सरोवराच्या तळाखाली सुमारे १,८०० फुटांवर मिठाची खाण आहे. ते मीठ दर हिवाळ्यात रस्त्यांवर पसरले जाते, आणि त्याचे पाणी गाडीच्या पोटाखालच्या प्रत्येक पोकळीत शिरते. कोकणातल्या आपल्या घराच्या खिडक्यांचे गज खाऱ्या वाऱ्याने कसे पापुद्रे धरून झडत, ते तू लहानपणी पाहिले आहेस. इथे तर वाऱ्याऐवजी खारे पाणीच थेट लोखंडाला लागते. एमएक्स-५ मध्ये कापडी टपावरचे पावसाचे पाणी आसनांच्या मागच्या दोन कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली जाऊन मागच्या चाकांपुढे बाहेर पडते. त्या नळ्या पाचोळ्याने तुंबल्या की पाणी दारांखालच्या पोकळ तुळयांत, ज्यांना तिकडे सिल म्हणतात, साठते आणि लोखंड आतून कुजते. बाहेरचा रंग शेवटपर्यंत चकचकीत राहतो. फुगवटा दिसतो तेव्हा आतले काही उरलेले नसते. तुझ्या दोन्ही गाड्यांच्या पिढीत पुढच्या भागातल्या, इंजिनाच्या दोन्ही अंगांच्या तुळयांना मजबुतीसाठी दुहेरी पत्रा आहे, आणि त्या दोन पत्र्यांमध्येही ओल अडकून बसते.

माझी १९९४ ची गाडी मी २००१ साली ७८,००० मैलांवर घेतली आणि २०१६ मध्ये पुण्यास परतताना २,०६,००० वर विकली. तेवढ्या काळात इंजिनाचे डोके एकदाही उघडावे लागले नाही. तीन टायमिंग बेल्ट, दोन स्लेव्ह सिलिंडर, एक क्लच, एक रेडिएटर आणि एक नवे टप, एवढाच मोठा खर्च. जो घाव बसला तो माझ्या निष्काळजीपणाने: दारापुढच्या मेपलचा पाचोळा दोन हिवाळे मी त्या नळ्यांतून काढला नाही, आणि २०१० साली दोन्ही बाजूंच्या सिल कापून नवे पत्रे जोडून घ्यावे लागले. इंजिनावर पंधरा वर्षांत झालेल्या साऱ्या दुरुस्त्यांहून ते काम महाग पडले. अजून वाईट वाटते. तू मात्र हे वर्षातून दोनदा, पानगळीच्या आरंभी आणि शेवटी, न चुकता कर. प्लॅस्टिकची लवचिक पट्टी घालून नळी मोकळी करावी आणि तांब्याभर पाणी ओतून ते खाली पडते का ते पाहावे. दहा मिनिटांचे काम आहे.

क्लीव्हलंडची गाडी पंचवीस वर्षे त्याच शहरात आहे. विक्रेत्याने तिचे पोट दाखविणारे एकही छायाचित्र दिलेले नाही, आणि मागच्या चाकापुढचा रंग भोवतालच्या रंगाहून किंचित वेगळा दिसतो. तुला मोह आवरत नसेल तर मऊ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक त्या जागी लावून पाहा; ते चिकटले नाही तर रंगाखाली लोखंड नसून लांबी भरलेली आहे असे समज.

तू पत्राच्या शेवटी पोर्शेविषयीही विचारले आहेस, की त्याच पैशात जुनी बॉक्स्टर मिळते. ती गाडी उत्तम आहे. परंतु १९९७ ते २००८ पर्यंतच्या तिच्या इंजिनांत मधल्या शाफ्टचे एक बेअरिंग आहे, जे फुटले तर धातूचे कण सर्व तेलात पसरून इंजिनच निकामी होते. यांतल्या पुष्कळ इंजिनांत ते क्लचच्या कामाबरोबर बदलून घेता येते, पण कमी चाललेल्या गाड्याही या दोषातून सुटलेल्या नाहीत. ज्या एका तुकड्यापायी इंजिन जाऊ शकते तो तुकडा बदलल्याची पावती नसेल, तर पहिल्याच खरेदीत त्या वाटेला जाऊ नकोस. एमएक्स-५ चे मोठे सुख असे की तिचे वजन टनभराच्या आसपास, म्हणून ब्रेक आणि टायर कमी झिजतात, आणि १९८९ पासून २०१६ पर्यंत दहा लाख गाड्या निघाल्यामुळे सुटे भाग गावोगाव मिळतात. हौशी मालकाने एका रविवारी अंगणात करावीत अशी निम्मी कामे आहेत. ताईने मला फोनवर एकच विचारले, की गाडी मायलेज किती देते. तिला सांग, गॅलनला पंचवीस मैलांच्या आसपास, म्हणजे आपल्या हिशेबाने लिटरला साधारण साडेदहा किलोमीटर.

पैशाची तजवीज अशी कर की किमतीच्या चौथाईइतकी रक्कम खरेदीनंतर बाजूला शिल्लक राहील. दप्तर कितीही चोख असले तरी वीस वर्षांच्या गाडीत पहिल्या वर्षी काही ना काही निघतेच, आणि त्या वेळी हात आखडला की माणूस काम पुढे ढकलतो. गाड्या बिघडतात त्या बहुतेक अशा पुढे ढकललेल्या कामांनी. हिवाळ्यात शक्यतो तुझी रोजची जुनी गाडीच वापर. मीठ पडल्यावर ही बाहेर काढावीच लागली, तर थंडी ओसरलेल्या पहिल्या दिवशी तिचे पोट धुऊन घे, आणि दर पानगळीत पोकळ तुळयांत गंजरोधक तेल फवारून घे. मात्र तिला सहा महिने उभी ठेवू नकोस. कोरडा रस्ता दिसला की अर्धा तास तरी इंजिन पुरते तापेपर्यंत चालव.

माझा निर्णय जॉर्जियाच्या गाडीचा आहे. सातशे मैलांचा प्रवास आहे म्हणून कंटाळू नकोस. जाण्यापूर्वी त्याच गावातला, त्या गृहस्थांशी व्यवहार नसलेला एखादा मेकॅनिक गाठ. गाडी लिफ्टवर चढवून सिल आणि पुढच्या तुळया पाहायला सांग, चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजायला सांग, आणि त्यांच्यातला फरक किती हे लिहून घे. टायरची तारीखही त्याच्याकडूनच विचार. जुने असतील तर परतीच्या प्रवासाआधी तिथेच नवे घाल. मेकॅनिकचा अहवाल आला की सौदा पक्का करण्यापूर्वी मला वाचायला पाठव. तुझा फोन येईपर्यंत मी ती फाइल टेबलावरच ठेवली आहे.

कळावे. हे आशीर्वाद.

तुझा
मामा