बदलापुरात घर घेताना

प्रश्न : आम्ही दोघेही ठाण्यात नोकरी करतो, मुलगी पहिलीत आहे. बदलापुरात टू बीएचके घ्यावा का? बिल्डर बुकिंगलाच २० टक्के मागतो आहे.

उत्तर : घर घ्यायला हरकत नाही, पण २० टक्के देऊ नका. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारापूर्वी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे मंजूर नकाशे आणि ताब्याची तारीख स्वतः तपासा. घर तयार असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागा. भाव कार्पेट एरियावरच बोला.

बदलापुरात उल्हास नदीचा विचार आधी करावा लागतो. २००५ आणि २०१९च्या जुलैत नदीलगतच्या भागांत पाणी शिरले होते. नगरपरिषदेत पूररेषेचा नकाशा पाहा. शेजारच्या जुन्या सोसायटीच्या वॉचमनला पार्किंगमध्ये पाणी कुठवर चढले होते तेही विचारा. भिंतीवरची खूण तो बोटाने दाखवेल.

टोकन देण्यापूर्वी आठवडाभर दोघांनी ऐन गर्दीच्या लोकलने जा-ये करून बघा. शाळा सुटल्यापासून तुम्ही घरी पोचेपर्यंत मुलगी कोणाकडे राहील, हेही आधी ठरवा. घर फक्त पत्नीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, तिचा फायदा अवश्य घ्या.