वाचकांचे प्रश्न : बुडालेली हजेरी आणि बाळाची कागदपत्रं

यंत्रमागावर, शिलाईच्या युनिटात किंवा विड्या वळण्यावर घर चालतं, तिथे कचेरीतली एक चक्कर म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. या वेळची पत्रं सोलापूर आणि आसपासच्या अशाच पालकांची आहेत. सगळ्यांची मुलं सहा वर्षांच्या आतली. पैसा आणि वेळ कुठे वाचेल, हा सगळ्यांचाच प्रश्न. भाजी-किराण्यात घासाघीस करणाऱ्या या घरांचे खरे पैसे जातात ते हुकलेल्या तारखांमध्ये, म्हणून उत्तरांत तारखांवर जास्त भर आहे.

प्रश्न : मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात आणि मी शिलाईला जाते. मोठी मुलगी नोव्हेंबर २०२३ मध्ये माझ्या माहेरी, इंडीला झाली. धाकटा मुलगा सोलापुरातच झाला, चार महिन्यांचा आहे. मुलीच्या दाखल्यासाठी मिस्टर महापालिकेत दोनदा जाऊन आले, तर नोंदच नाही म्हणतात. एकदाच काय ते सगळं कसं उरकायचं?
– एक वाचक, अशोक चौक

उत्तर : मुलीची नोंद सोलापुरात सापडणारच नाही. जन्म जिथे झाला तिथल्याच निबंधकाकडे नोंद होते, आई-वडील कुठे राहतात याचा त्याच्याशी संबंध नसतो. पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडे रीत आहे आणि सोलापूरच्या कितीतरी सुनांचं माहेर विजयपूर-कलबुर्गीकडे आहे, त्यामुळे ही चूक घरोघरी होते. डिस्चार्ज कार्ड घेऊन आधी इंडीच्या त्याच दवाखान्यात चौकशी करावी. दवाखान्यात झालेल्या जन्माची खबर दवाखान्यानेच द्यायची असते, तेव्हा नोंद बहुधा झालेली असेल. माहेरच्या माणसांनी फोनवर विचारून घेतलं तर मिस्टरांची एक हजेरी वाचेल. कर्नाटकातला दाखला महाराष्ट्रातही चालतो.

नोंदच झाली नसेल तर मात्र घाई करायला हवी. २१ दिवसांत खबर दिली तर नोंद फुकट होते, तिसाव्या दिवसापर्यंत थोडं विलंब शुल्क पडतं, त्यानंतर वर्षाच्या आत वरिष्ठ निबंधकाची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं की, आणि या मुलीचं ते उलटलंच आहे, प्रकरण दंडाधिकाऱ्यांकडे जातं आणि मग खेटे किती पडतील ते सांगता येत नाही.

एवढं करायचं कशासाठी? १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा दुरुस्त कायदा लागू झाला. त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, आधार, मतदारयादी, वाहन परवाना अशा कामांत जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. ही मुलगी त्याच नियमात बसते. तिच्या थोरल्या चुलत भावंडांचं रेशनकार्डावर किंवा प्रतिज्ञापत्रावर भागलं असेल, तिचं भागणार नाही.

धाकट्याच्या दाखल्यावर नाव चढलंय का, हे आजच पाहावं. बारशाआधीच नोंद झाली की नावाची जागा कोरी राहते. बारा महिन्यांच्या आत नाव घालायला पैसे पडत नाहीत. पुढे पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं, पण शुल्क भरून. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांचं नाव महाराष्ट्रातल्या सरकारी कागदांवर बाळ, आई, वडील, आडनाव या क्रमाने लिहायचं आहे. अर्ज भरताना इंग्रजी स्पेलिंग आई-वडिलांच्या आधारशी अक्षर न अक्षर ताडून घ्यावं. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड आडनावं पुष्कळ, आणि एकाच घरात तीन कागदांवर तीन स्पेलिंगं निघतात. पाच मिनिटांची ही तपासणी पुढच्या दुरुस्त्यांचे कित्येक दिवस वाचवते.

दाखला हातात आला की बाल आधार काढावं. पाच वर्षांखालच्या मुलाच्या बोटांचे ठसे लागत नाहीत, दाखला आणि आई किंवा वडिलांचं आधार पुरतं. ही नोंदणी पोस्टमनमार्फत घरीही होऊ शकते, जवळच्या पोस्टात विचारावं. मूल पाच वर्षांचं झालं की ठसे द्यायचे असतात. सातव्या वर्षाच्या आत दिले तर ते मोफत.

आता मुलीच्या पैशांचं. रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी आणि वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असेल, तर १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला ‘लेक लाडकी’ योजना लागू होते. जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५,०००, असे एकूण १ लाख १ हजार रुपये मिळतात. अर्ज वस्तीतल्या अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा, त्यासाठी एजंट गाठायची काहीच गरज नाही.

‘लेक लाडकी’ मिळो न मिळो, पोस्टात सुकन्या समृद्धी खातं उघडता येतं. मुलगी दहा वर्षांची होण्याआधी ते उघडावं लागतं. वर्षाला किमान २५० रुपये भरावे लागतात आणि पंधरा वर्षं भरल्यावर, उघडल्यापासून एकवीस वर्षांनी खातं पूर्ण होतं. व्याजदर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं. जानेवारी २०२४ मध्ये तो ८.२ टक्के झाला. तोच कायम राहिला असं धरलं, तर महिना ५०० रुपयांनी भरलेल्या ९० हजारांचे सुमारे पावणेतीन लाख होतात. पैसे महिन्याच्या पाच तारखेच्या आत भरावेत, उशीर झाला तर त्या भरण्यावर त्या महिन्याचं व्याज मिळत नाही.

प्रश्न : शाळेने गणवेशासाठी एकाच दुकानाचं नाव दिलं आहे. बाजारात तसाच कपडा स्वस्त मिळतो. काही करता येईल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या सोलापुरात पालकांवर ही वेळ यावी, हे मनाला लागतं. शाळेने रंग आणि नमुना ठरवावा, दुकान पालकांनी निवडावं. एकाच दुकानाची सक्ती करू नका, असं शिक्षण विभागाने शाळांना वेळोवेळी बजावलं आहे. एकट्याने भांडून मूल मात्र डोळ्यांवर येतं. त्यापेक्षा दहा-पंधरा पालकांनी सह्यांचा अर्ज आधी मुख्याध्यापकांना द्यावा, पोच घ्यावी आणि उत्तर आलं नाही तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावं. तोवर बोधचिन्हाचा शर्ट तेवढा शाळेच्या दुकानातून घ्यावा, पँट-स्कर्ट बाहेरून, कमरेला आणि खाली भरपूर माया सोडलेली. उसवून वाढवता येते म्हणजे आणखी एक वर्ष निघतं.

फीकडेही लक्ष हवं. महाराष्ट्राच्या २०११च्या शुल्क नियमन कायद्याप्रमाणे खासगी शाळेची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मंजूर व्हावी लागते आणि एकदा ठरली की दोन वर्षं वाढवता येत नाही. या समितीतले पालक इच्छुकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडतात, तेव्हा जूनमध्ये नाव जरूर द्यावं. प्रवेशासाठी देणगी मागणं किंवा लहानग्याची मुलाखत घेणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ने बंद केलं आहे.

प्रश्न : सरकारी लस हलकी असते का? खासगीत एका खेपेला हजारो रुपये जातात.
– एक बाबा, होटगी रोड

उत्तर : नाही. बीसीजी, पोलिओ, पेंटाव्हॅलंट, रोटा, गोवर-रुबेला या लसी महापालिकेच्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. खासगीत सर्वांत महाग पडणाऱ्यांपैकी एक, न्यूमोनियाची पीसीव्ही, २०२१ पासून महाराष्ट्रात याच कार्यक्रमात आहे. कांजिण्या किंवा कावीळ ‘अ’ची लस त्यात नाही, तेवढ्यापुरतं बालरोगतज्ज्ञांना विचारावं. लसीकरणाचा वार आधी फोनवर विचारून जावं आणि कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.

प्रश्न : मी विड्या वळते. मुलगा पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. त्याला चांगल्या शाळेत घालायचं आहे.
– एक आई, विडी घरकुल, कुंभारी

उत्तर : दोन वाटा आहेत. विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर केंद्र सरकारची शिष्यवृत्ती पहिलीपासून मिळते, सुरुवात वर्षाला १,००० रुपयांपासून. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करावा लागतो.

दुसरी वाट म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी विनाअनुदानित शाळांतल्या २५ टक्के राखीव जागा. तिथे फी सरकार भरतं. दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची मर्यादा एक लाख आहे, पण अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना उत्पन्नाची अट नाही. सोलापुरातल्या अनेक विणकर जाती मागास प्रवर्गांत असूनही त्या घरांतले लोक उत्पन्नाच्या दाखल्यासाठीच रांगेत उभे राहिलेले दिसतात. त्यांनी जातीचा दाखला आधी शोधावा. सरकारी शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना यातून वगळण्याचा फेब्रुवारी २०२४चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केला, त्यामुळे त्या शाळाही खुल्या आहेत.

या राखीव जागांच्या अर्जात घराची जागा नकाशावर दाखवावी लागते आणि तिच्यावरूनच शाळेचं अंतर मोजलं जातं. सेवा केंद्रात बसलेल्या मुलाने घाईत भलतीकडे खूण केली, तर सोडतीत नाव लागूनही पडताळणीत प्रवेश जातो. खूण आपल्याच गल्लीवर पडली आहे ना, हे स्क्रीनवर पाहूनच अर्ज पाठवू द्यावा. दाखल्यांवरची तारीखही अर्जाच्या शेवटच्या तारखेआधीची लागते, म्हणून ते दिवाळीनंतर लगेच काढायला घ्यावेत.