कुंडीतून काढून बघितल्याशिवाय ह्यूकेरा घेऊ नका

फेब्रुवारीत ‘पॅलेस पर्पल’ या जातीच्या ह्यूकेराची वाळकी पानं काढायला गेले आणि अख्खं झाड हातात आलं. ओढावंही लागलं नाही. खाली मुळं नव्हतीच, नुसता कुरतडलेला बुंधा. माती उकरली तर पांढुरक्या, तपकिरी डोक्याच्या, वळून बसलेल्या बिनपायाच्या अळ्या. वाइन वीव्हिल या किड्याच्या अळ्या! इंग्लंडमध्ये कुंड्यांत ह्यूकेरा लावणाऱ्यांना या नावानेच धडकी भरते. शेजारची ‘कॅरमेल’ उचलली, तिचीही तीच गत.

अळ्या डबीत घालून नर्सरीत गेले. काउंटरवरच्या माणसाने डबी उघडलीसुद्धा नाही. “पाणी जास्त झालंय.” मग म्हणे थंडीने गेली असतील. उत्तर अमेरिकेतलं, बर्फ सोसणारं झाड इथल्या थंडीने जाईल? शेवटी म्हणाला, “अळ्या तुमच्याच बागेतल्या असणार.” माझं मागचं अंगण फरशीचं. कुंड्या नव्या, माती बंद पिशवीतली, रोपं ऑक्टोबरअखेर घेतलेली. हा किडा अंडी घालतो मुख्यतः उन्हाळ्यात आणि त्यातून निघालेल्या अळ्या हिवाळाभर मुळं खातात. म्हणजे अंडी पडली तेव्हा रोपं त्यांच्याच शेडमध्ये होती. हे सांगत असतानाच तो पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला. पैसे गेल्यापेक्षा ते मला जास्त झोंबलं.

तेव्हा रोप घेताना ते कुंडीतून अलगद बाहेर काढा आणि मुळं बघा. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान गाठा. पानांच्या कडा खाचाखाचांनी कुरतडलेल्या असतील तर ते रोप नकोच. हे काम पूर्ण वाढलेल्या काळ्या किड्याचं असतं. तो रात्री निघतो, म्हणून उन्हाळ्यात टॉर्च घेऊन फेरी मारा. याच्या मादीला नर लागत नाही. एकटी शेकडो अंडी घालते. एक दिसला तरी सोडू नका.

अळ्यांवर उपाय म्हणजे सूत्रकृमी. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, माती आधी ओली करून, पाण्यात मिसळून घालायचे. ‘स्टाइनरनेमा क्राउसाय’ ही जात माती 5 अंशांपर्यंत गार असली तरी काम करते. पाकिटात जिवंत जीव असतात. मुदत उलटलेलं पाकीट कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

मुळं गेलेलं झाड लगेच फेकू नका. बुंधा धुवा, कुजका भाग छाटा आणि खडीमिश्रित मातीत पानांपर्यंत खोल लावा. माझी ‘कॅरमेल’ अशीच वाचली. ‘पॅलेस पर्पल’ गेली.

बाकी पाणी साचू देऊ नका, पिवळ्या-पोपटी पानांच्या जातींना दुपारचं ऊन लागू देऊ नका. दोन-तीन वर्षांनी खोड मातीवर उघडं पडतं, तेव्हा काढून पुन्हा खोल लावा.

आणि पावती जपा. ब्रिटनच्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सदोष माल 30 दिवसांत परत देऊन पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतरही 6 महिन्यांपर्यंत, माल विकताना चांगला होता हे विक्रेत्याने सिद्ध करायचं असतं. मी हेच लेखी कळवलं तेव्हा पैसे मुकाट्याने आले; दिलगिरीचा शब्द नाही. त्या नर्सरीची पायरी मी पुन्हा चढलेली नाही, आणि कुणी विचारलं तर जाऊ नका असंच सांगते.