गाडी थरथरतेय? पाना उचलण्याआधी तीन प्रश्न



टू-व्हीलर गॅरेज टाकायचं मनात असलेल्यांसाठी आजचा धडा आहे. ऑइल बदलणं, ब्रेक शू टाकणं, केबल बदलणं ही कामं हात बसला की जमतात. गॅरेजचं नाव होतं किंवा जातं ते "गाडी व्हायब्रेट होतेय" या तक्रारीवर. तक्रार एक आणि कारणं वीस. अंदाजाने पार्ट बदलत गेलात तर पैसे ग्राहकाचे जातात, आणि मग ग्राहक तुमच्या हातून जातो.

म्हणून आपल्या दुकानाचा नियम ठरवा: आधी विचारायचं, मग चालवून बघायचं, शेवटी खोलायचं.

ग्राहकाला विचारायचे तीन प्रश्न

1. कधी जाणवतं? ठराविक स्पीडला, रेस दिल्यावर, की ब्रेक मारल्यावर?
2. कुठे जाणवतं? हँडलला, फूटरेस्टला, की सीटखाली?
3. कधीपासून? त्याच्या आधी काय काम झालं होतं? नवीन टायर, पंक्चर, क्रॅश गार्ड, सायलेन्सर, की गाडी पडली होती?

तिसरा प्रश्न बरेच जण विचारत नाहीत. निम्मं उत्तर मात्र तिथेच मिळू शकतं. तिन्ही उत्तरं ग्राहकाच्या शब्दांत जॉब कार्डवर लिहा.

चाक की इंजिन?

आता थोडं गणित. 18 इंची चाकाच्या 100 सीसी गाडीचा टायर एका फेरीत साधारण 1.9 मीटर जातो. 50 च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास 14 मीटर जाते, म्हणजे चाकाच्या सात-साडेसात फेऱ्या होतात. त्याच वेळी इंजिन 4,500 आरपीएमवर असेल, तर ते सेकंदाला 75 वेळा फिरतं. त्यामुळे चाकाचा दोष असेल तर धड-धड असे सुटे हादरे बसतात, आणि इंजिनाकडून आलेली थरथर बारीक असते, हाताला झिणझिण्या आणणारी.

याची खात्री करायला हेल्मेट घालून, मोकळ्या सरळ रस्त्यावर टेस्ट राइड घ्या.

- एकाच स्पीडला आधी तिसऱ्या, मग चौथ्या गिअरमध्ये चालवा. गिअर बदलल्यावर थरथर बदलली तर इंजिनाकडे बघा. तशीच राहिली तर चाकाकडे.
- थरथर सुरू असताना क्लच दाबून रेस सोडा. थरथर थांबली तर संशय इंजिनावर किंवा चेनवर. चालूच राहिली तर चाक, टायर, बेअरिंग.
- गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस द्या. उभ्या गाडीतही थरथर आली तर चाकाचा संबंध नाही.
- फक्त ब्रेक मारतानाच लिव्हर किंवा पेडल खालीवर मारत असेल, तर डिस्क वाकडी झालीय किंवा ड्रम गोल राहिलेला नाही.

हँडल सोडून "बघू किती हलतंय" असं कधीही करू नका. त्यात जीव जाऊ शकतो.

स्वस्त ते महाग, या क्रमाने तपासा

चाकाकडे संशय असेल तर:

- टायरमधली हवा, आणि टायरला कुठे फुगवटा आहे का.
- नवीन टायर असेल तर रिमजवळची बारीक रेघ बघा. रिमपासून तिचं अंतर सगळीकडे सारखं हवं. नसेल तर टायर नीट बसलेला नाही.
- गाडी डबल स्टँडवर घेऊन चाक फिरवा, रिमजवळ पेन्सिल स्थिर धरा. रिम किती आऊट आहे ते दिसतं. बऱ्याच मॅन्युअलमध्ये याची मर्यादा 2 मिलिमीटर असते.
- स्पोकवर पान्याने हलकं वाजवा. ढिल्या स्पोकचा आवाज बद्द येतो.
- चाक वर-खाली धरून हलवा. खेळ असेल तर बेअरिंग बघा. पुढचं चाक उचलून फोर्कचे खालचे पाय मागे-पुढे ढकला. वर खटखट झाली तर कोन सेट.
- चेनचा ढिलेपणा चाक फिरवून चार ठिकाणी मोजा. एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल असेल, तर चेन सेट झिजलाय. रेस देता-सोडताना झटका बसत असेल तर हब रबर बघा.

इंजिनाकडे संशय असेल तर:

- आधी इंजिन माउंटिंगचे, सायलेन्सरचे आणि क्रॅश गार्डचे बोल्ट. टॉर्क मॅन्युअलप्रमाणे.
- हँडलच्या टोकांची वजनं जागेवर आहेत का. नवीन ग्रिप टाकताना ती कधीकधी परत लावलीच जात नाहीत.
- मग प्लग आणि टॅपेट. इंजिन खोलायचा विषय अगदी शेवटी.

आणि गाडी ओळखा. जुन्या यूसीई इंजिनाच्या क्लासिक 350 मध्ये बॅलन्सर शाफ्ट नव्हता, 2021 मध्ये आलेल्या जे-सिरीजच्या क्लासिकमध्ये आहे. जुन्या गाडीची मूळ थरथर हा दोष नाही. ती "काढून देतो" असं कबूल करू नका.

आता धंद्याची बाजू

समजा, ग्राहक म्हणतो, "टायर बदलल्यापासून 50 ला गाडी हलते." तुम्ही चेन सेट बदलून 1,200 रुपये घेतले आणि गाडी तशीच हलत राहिली. आता टायर परत बसवण्याचे 100 रुपये मागायलाही तोंड राहत नाही. हीच राइड आधी घेतली असती, तर 100 रुपयांत काम झालं असतं आणि त्याने आणखी दोन गाड्या पाठवल्या असत्या.

तपासणीचे पैसे जरूर घ्या, पण आधी सांगून. बोर्डावर रक्कम लिहा, आणि काम तुमच्याकडे केलं तर ती मजुरीतून वजा करा. काम झाल्यावर त्याच रस्त्यावर, त्याच स्पीडला पुन्हा राइड घ्या. जमलं तर ग्राहकालाही चालवायला द्या. जुना पार्ट त्याच्या हातात ठेवा.

एका बाबतीत मात्र तडजोड नाही. टायरला फुगवटा, ॲक्सलचा नट ढिला, बेअरिंग किंवा कोन सेटमध्ये खेळ असेल तर "काका, आजचा दिवस चालवा" असं म्हणू नका. ग्राहकाने काम नको म्हटलं तर जॉब कार्डवर "गाडी चालवण्यास सुरक्षित नाही" असं लिहून त्याची सही घ्या. आजचं बिल गेलं तरी चालेल. त्या गाडीवर मागे कोण बसणार आहे, हे आपल्याला माहीत नसतं.

या आठवड्याचा गृहपाठ: घरातली किंवा मित्राची एक गाडी घ्या, तीन प्रश्न विचारा, राइड घ्या आणि पान्याला हात न लावता तुमचं निदान कागदावर लिहा. मग तपासून बघा. अशा दहा गाड्या झाल्या की तुमचा स्वतःचा चेकलिस्ट तयार होईल.