घरी कॉफी भाजताना गॅसची दक्षता

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. म्हणून शेगडी पेटविण्यापूर्वी खिडकी उघडावी व वास येतो का ते पाहावे. वास आल्यास काडी ओढू नये, विजेचे बटण दाबू नये. रेग्युलेटर बंद करून बाहेर यावे व १९०६ या क्रमांकावर कळवावे. वास नसल्यास आधी काडी पेटवून बर्नरजवळ धरावी, मगच चावी फिरवावी.

कोडगू-चिकमगळूरच्या हिरव्या बिया जाड कढईत मध्यम आचेवर सतत हलवाव्यात. सुमारे २०० अंश सेल्सिअसला त्या तडतडतात. सुटलेली पातळ साले ज्योतीवर पडून पेटू शकतात. वाऱ्याने ज्योत विझल्यास भाजणीच्या धुरात गॅसचा वास चटकन उमगत नाही. यास्तव शेगडीजवळून हलू नये. भाजणी होताच चावी व रेग्युलेटर बंद करून बिया ताटात पसरून निववाव्यात.